डा तीन, आवळतंय

तळमजल्यावरच्या काकांनी एकदा जिन्यात गाठून विचारलं, "रात्री तुमच्याकडे चालतं काय हो? पोरगी ओरडत असते, 'कापू नको, कापू नको' म्हणून." मी म्हटलं, "काही नाही, रॅली खेळतो आम्ही." काका दोन पायऱ्या उतरून थांबले. "रॅली? कुठल्या पक्षाची?"

त्यांची चूक नाही. कोथरूडमध्ये रॅली म्हणजे झेंडे लावलेल्या दुचाक्यांची, जिच्यामुळे पौड फाट्यावर पाऊण तास अडकायला होतं ती. मोटारींच्या शर्यतीलाही रॅली म्हणतात हे ज्यांना ठाऊक असतं, त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा गोल ट्रॅक, एकमेकींना खेटून पळणाऱ्या वीस गाड्या आणि शेवटी फडफडणारा चौकटींचा झेंडा येतो. रॅलीत यातलं जवळजवळ काहीच नसतं. गाडी एकटी असते. जंगलातला, डोंगरातला, शेतांमधला खरा रस्ता काही तासांपुरता बंद करायचा, त्याच्या दहा-वीस किलोमीटरांच्या तुकड्याला स्टेज म्हणायचं, काही मिनिटांच्या अंतराने एकेक गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. सगळ्या स्टेजची मिळून ज्याची वेळ कमी, तो जिंकला. दोन स्टेजच्या मधल्या रस्त्यावर याच गाड्या सिग्नल पाळत, इतर वाहनांबरोबर निमूट जातात. स्टेजवर समोर रस्ता दिसतो तो पुढच्या वळणापर्यंत. त्यापलीकडचं दिसत नाही, म्हणून शेजारच्या सीटवर दुसरा माणूस बसलेला असतो. तो मांडीवरच्या वहीत बघून पुढचा रस्ता वाचून दाखवतो.

या पुस्तकाचा विषय हा शेजारचा माणूस आहे. पुस्तकात कंट्रोलर कसा धरावा, हँडब्रेक कधी ओढावा, गाडीचं सेटिंग कुठून बदलावं हे सगळं आहेच. पण ते कुठेही मिळेल. मला सांगायचं आहे ते एवढंच की रॅलीचा व्हिडिओ गेम हा बोटांचा किंवा डोळ्यांचा खेळ समजून आपण चुकतो. तो कानांचा खेळ आहे. हे कळायला मला वीस वर्षं लागली.

माझी पिढी 'रोड फायटर'वर वाढली. कोनामीचा तो खेळ पिवळ्या, काळ्या कॅसेटमधून घरोघरी पोचला होता. कॅसेट चालली नाही तर काढून तिच्या तळाशी फुंकर मारायची, हा त्याचा देखभाल विभाग. लाल गाडी, वरून दिसणारा रस्ता, संपत येणारं पेट्रोल. तिथे ऐकण्यासारखं काही नव्हतं. मग १९९९ च्या सुमारास पौड रोडच्या एका गल्लीत गेम पार्लर उघडलं. बाहेर चपला, दाराला तपकिरी पडदा, आत चार टीव्ही आणि चार प्लेस्टेशन. तासाला वीस रुपये. तिथे मला 'कॉलिन मॅक्रे रॅली' भेटला. कोडमास्टर्स कंपनीचा १९९८ चा खेळ. मॅक्रे हा स्कॉटलंडचा, १९९५ चा जगज्जेता, निळ्या सुबारू इम्प्रेझाचा. त्याचा खराखुरा को-ड्रायव्हर निकी ग्रिस्ट या खेळात आवाजाने हजर होता आणि पूर्ण वेळ बोलत होता.

मला त्यातलं अक्षरही कळायचं नाही. एक तर त्याचं इंग्रजी माझ्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंचं नव्हतं. दुसरं म्हणजे शेजारच्या तीन टीव्हींवर मारामाऱ्या चालू असायच्या, आणि पार्लरवाला आमच्या टीव्हीचा आवाज स्वतः येऊन कमी करायचा. थोडक्यात, ज्या खेळाचा अर्धा भाग ऐकण्यात होता तो मी दोन वर्षं बहिऱ्यासारखा खेळलो. दर दुसऱ्या वळणावर झाडाला धडकायचो आणि गाडीला नावं ठेवायचो. इतरही धडकायचे. शर्यत जिंकण्यापेक्षा कुणाची गाडी जास्त चेपली यावर आमच्या पैजा लागत.

त्याआधीच सेगाचा 'सेगा रॅली' आला होता. डांबर, माती, वाळू यांवर गाडीची पकड वेगवेगळी असते, ही गोष्ट करमणुकीच्या यंत्रात पैसे टाकून खेळणाऱ्यांना त्याने शिकवली. पुढे २००४ मध्ये 'रिचर्ड बर्न्स रॅली' आला. त्यात आधी रॅली शाळेत धडे गिरवायला लागायचे, आणि ते इतके कडक होते की अनेकांनी खेळाला हात जोडले. माझा आजचा खेळ मात्र २०१९ चा 'डर्ट रॅली २.०'. तोही कोडमास्टर्सचाच. शर्यतीच्या बऱ्याच खेळांत चूक झाली की बटण दाबून चार सेकंद मागे जाता येतं. यात ती सोय नाही. दरीत गेलात तर गेलात. मला हा खेळ आवडण्याचं हे एक मोठं कारण आहे, आणि बायकोला न आवडण्याचं तेच.

आता शेजारच्या माणसाबद्दल. वही वाचत गाडी हाकण्याची सर्वांत गाजलेली जुनी गोष्ट १९५५ ची आहे. इटलीत ब्रेशियाहून रोमला जाऊन परत यायची 'मिले मिलिया' नावाची हजार मैलांची शर्यत असे. त्या वर्षी स्टर्लिंग मॉसच्या मर्सिडीजमध्ये डेनिस जेंकिन्सन नावाचा पत्रकार बसला. आधी रस्ता पुन्हा पुन्हा पालथा घालून त्याने प्रत्येक धोक्याची नोंद केली होती. त्या नोंदी कागदाच्या लांबच लांब पट्टीवर उतरवून, पट्टी दोन रुळांवर गुंडाळून एका डबीत बसवली होती. गाडी पुढे जाईल तशी पट्टी पुढे सरकवायची. उघड्या गाडीत इंजिनाच्या आवाजापुढे बोलणं अशक्य, म्हणून खुणा हाताच्या. दहा तास, सात मिनिटं, अठ्ठेचाळीस सेकंदांत त्यांनी ती शर्यत जिंकली. म्हणजे ताशी सुमारे १५७ किलोमीटर, आणि तेही गावागावांतून जाणाऱ्या रस्त्यांवर. पुढचं वळण मॉसला दिसत नव्हतं, पण जेंकिन्सनच्या हातावर त्याचा विश्वास होता. हा भाग मला गाडीच्या वेगाहून जास्त थरारक वाटतो. पत्रकाराच्या लिहिण्यावर कुणी एवढा विश्वास टाकल्याचं दुसरं उदाहरण चटकन आठवत नाही.

आजच्या रॅलीत याला पेस नोट्स म्हणतात. शर्यतीआधी ड्रायव्हर आणि को-ड्रायव्हर साध्या वेगाने स्टेजवरून जातात, जागतिक स्पर्धेत बहुधा दोनदा. ड्रायव्हर बोलतो, को-ड्रायव्हर लिहितो. याला रेकी म्हणायचं. वळणाला दिशा आणि आकडा असतो. 'डर्ट रॅली'च्या पद्धतीत एक म्हणजे जवळजवळ थांबायला लावणारं वळण आणि सहा म्हणजे पाय न उचलता जाण्यासारखं. मग वळण पुढे आवळतं की सुटतं, आतली कड कापता येईल की तिथे दगड आहे, उंचवट्यापलीकडे काय आहे, पुढच्या वळणापर्यंत किती मीटर. हे सगळं एका दमात, आणि बरोबर वेळेवर.

वेळेवर, हे महत्त्वाचं. पुण्यात वाढलेल्या माणसाला को-ड्रायव्हर म्हणजे काय हे सांगायला नको. दुचाकीवर मागे बसणारं प्रत्येक माणूस तेच काम करत असतं. आमचे वडील बजाजवर आणि आई मागे. "अहो, बस थांबलीये. अहो, डावीकडून घ्या. अहो, खड्डा!" यातलं शेवटचं वाक्य नेहमी खड्ड्यातून वर येताना यायचं. नोट्सच्या भाषेत सांगायचं तर आईच्या नोट्स अचूक होत्या, पण उशिरा होत्या. फार लवकर सांगितलं तरी पंचाईत, कारण ड्रायव्हर ते आत्ताच्या वळणाला लावतो. एक वळण हातात आणि एक कानात, हे अंतर सांभाळणं म्हणजे सगळा को-ड्रायव्हर.

२०२० च्या मार्चनंतर पौड रोड रिकामा झाला, आणि आमच्या घरातला टीव्ही मात्र भरगच्च. लेक तेव्हा दहा वर्षांची. शाळा संपली की शेजारी येऊन बसायची. एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, तो काका तुला आधीच सांगतोय ना सगळं? मग तू ऐकत का नाहीस?" तो काका म्हणजे खेळातला को-ड्रायव्हर, फिल मिल्स. हा खरोखर पेटर सोलबर्गच्या शेजारी बसून २००३ ची जागतिक स्पर्धा जिंकलेला गृहस्थ. मी खजील झालो. ऐकण्याचा प्रयत्न केला, पण इंग्रजी आकडे कानातून मेंदूत आणि मेंदूतून बोटांत पोचेपर्यंत वळण निघून जायचं. लेकीने मग खेळातल्या त्या काकांचा आवाज शून्यावर नेला आणि शंभर पानी वही आणली.

पहिली रेकी आम्ही आर्जेंटिनात केली. तिथल्या कातामार्का प्रांतातले स्टेज खेळात आहेत. चिंचोळा, दगडधोंड्यांचा डोंगरी रस्ता, एका बाजूला कपार, दुसऱ्या बाजूला काही नाही. मी गाडी रांगत न्यायची, तिने लिहायचं, गोंधळ झाला की खेळ थांबवायचा. पहिल्याच संध्याकाळी भाषेचा प्रश्न उभा राहिला. 'डावीकडे' आणि 'उजवीकडे' हे शब्द घरचा पत्ता सांगायला छान आहेत. ताशी नव्वदच्या वेगात ते पुरे होईपर्यंत गाडी कपारीत असते. 'डावं', 'उजवं' लहान आहेत, पण दोन्हींचा शेवट सारखा. इंजिनाच्या आवाजात नेमका तोच कानावर पडतो. शेवटी 'डा' आणि 'उज' ठरले. कानाला ते मुळीच सारखे लागत नाहीत. हेअरपिनला आम्ही 'कोपर' म्हणतो, कारण हात वाकवून दाखवला की कुणालाही कळतं. वळण आवळतं तेव्हा 'आवळतंय', सुटतं तेव्हा 'सुटतंय'. उंचवटा म्हणजे 'टेकाड'. पाय न उचलता जायचं असेल तर 'दाबून'. आणि आतल्या बाजूला दगड असेल तर ते काकांनी ऐकलेलं 'कापू नको'.

आकड्यांची मला उगाच भीती होती. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'बावीस'च्या जागी 'वीस दोन' असं संख्यावाचन आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता, ते आठवत असेल. पण नोट्समध्ये अंतरं गोल असतात: तीस, पन्नास, ऐंशी, शंभर. एकोणसत्तर मीटरवर वळण आहे असं कुणी सांगत नाही. त्यामुळे तो वाद आमच्या गाडीत शिरला नाही. या पुस्तकाच्या तिसऱ्या भागात या शब्दांची पूर्ण यादी आहे. कुणाला 'कोपर'पेक्षा चांगला शब्द सुचला तर जरूर वापरावा. 'केसाची पिन' एवढा मात्र नको.

पहिल्या दिवशी आम्ही नोट्स हरवल्या. को-ड्रायव्हरच्या बाबतीत याहून वाईट काही नाही: आपण वहीत कुठे आहोत आणि रस्त्यावर कुठे आहोत, याचा मेळ तुटणं. ती पुढच्या पानावर, मी मागच्या वळणावर. तिने "उज पाच, दाबून" म्हटलं आणि समोर कोपर होतं. गाडी दरीत, घरात शांतता. मग ती म्हणाली, "सॉरी बाबा, पान चिकटलं होतं." त्यानंतर प्रत्येक पानाचा कोपरा आधीच दुमडलेला असतो. खरे को-ड्रायव्हरही पानांवर अशा युक्त्या करतात, हे मला पुढे कळलं.

तिला कंटाळा येईल असं मला वाटलं होतं. मग तिला मी मिशेल मूतोंची गोष्ट सांगितली. फ्रान्सच्या या बाईने १९८१ मध्ये ऑडी क्वाट्रो चालवत सानरेमो रॅली जिंकली. जागतिक स्पर्धेतली फेरी जिंकणारी ती पहिली स्त्री. पुढच्या वर्षी ती एकूण दुसरी आली. शेजारी वही घेऊन बसलेली फाब्रिझिया पोन्सही बाईच. लेकीने पहिला प्रश्न विचारला तो मूतोंबद्दल नव्हता. "पोन्सच्या वहीत कसं लिहिलेलं असायचं?"

गाडी घसरते का आणि किती, हे मात्र मला वहीने शिकवलं नाही, टेकडीने शिकवलं. कोथरूडच्या डोक्यावर वेताळ टेकडीवर एआरएआय आहे, म्हणजे १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन. देशात विकायच्या गाड्यांना रस्त्यावर उतरण्याआधी ज्या चाचण्या द्याव्या लागतात, त्यांतल्या कितीतरी इथे होतात. आम्ही कोथरूडकर मात्र त्या टेकडीवर पायी जातो. मे महिन्यात मुरमाच्या वाटेवर वरचे खडे सुटे झालेले असतात. उतरताना बूट छऱ्यांवरून निसटावा तसा निसटतो. पहिल्या पावसानंतर तीच वाट घट्ट धरते. ऑगस्टमध्ये दगडांवर शेवाळ आलं की पुन्हा जपून. सुट्या मातीवर गाडीचं हेच होतं. ती वळत नाही, घसरते. आणि घसरणार आहे हे धरूनच तिला वळवायची असते. वळणाआधी क्षणभर उलट्या दिशेला स्टेअरिंग झटकायचं, वजन एका बाजूला टाकायचं, मग ते परत येताना मागचा भाग फिरू द्यायचा. फिनलंड-स्वीडनच्या ड्रायव्हरांनी गाजवलेली ही युक्ती मी कंट्रोलरवर महिनाभर करत होतो आणि गोल फिरत होतो. एका सकाळी टेकडीवरून घाईत उतरताना वळणावर शरीर आपोआप आधी बाहेर आणि मग आत झुकलं, आणि डोक्यात उजेड पडला.

मग साहजिकच आम्हाला आपला स्वतःचा स्टेज हवा झाला. 'डर्ट ५' या २०२० च्या खेळात नेपाळ आहे. फॉर्म्युला वनच्या खेळात नोएडाजवळचा बुद्ध ट्रॅक येऊन गेला, कारण २०११ ते २०१३ तिथे खरी शर्यत झाली. पण मी खेळलेल्या एकाही रॅली गेममध्ये सह्याद्री नाही. एका रविवारी पहाटे आम्ही वही घेऊन निघालो. चांदणी चौकातच पहिली गडबड झाली. जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पाडला आणि पुढच्या ऑगस्टमध्ये नवे उड्डाणपूल सुरू झाले, तेव्हापासून तिथल्या रॅम्पसाठी मुरलेल्या पुणेकरालाही को-ड्रायव्हर लागतो. भूगाव, पिरंगुट, पौड मागे टाकून मुळशीच्या पाण्याकडेने ताम्हिणीत शिरलो. ताशी चाळीसच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही, असं लेकीने बजावलं होतं. मी बोलत होतो, ती लिहीत होती. "डा चार, लांब. साठ. उज दोन, कापू नको, आत भुट्टेवाला."

ही नोंद पुस्तकात तशीच ठेवली आहे, आणि तिच्यावर हसू आलं तरी ती गंभीरपणे वाचावी. रॅली हा बंद रस्त्यावरचा खेळ आहे. भुट्टेवाला असलेला रस्ता रॅलीचा नसतो. रस्ता बंद आहे असं मानलं तरी काय होऊ शकतं, हे २०१९ च्या सप्टेंबरमध्ये राजस्थानात बाडमेरजवळ दिसलं. राष्ट्रीय रॅली चालू असताना स्टेजवर मोटरसायकल आली आणि एकाच कुटुंबातले तिघं गेले. १९८६ मध्ये कॉर्सिकात हेन्री तोइव्होनेन आणि त्याचा को-ड्रायव्हर सर्जिओ क्रेस्तो यांची गाडी दरीत पडून पेटली आणि ग्रुप बी नावाच्या राक्षसी गाड्यांचा वर्गच बंद झाला. त्या गाड्या आज प्रत्येक खेळात लाडक्या आहेत. मीही लान्सिया डेल्टा एस४ निवडतो आणि मग दोन मिनिटं अपराधी वाटतं.

आपल्याकडे ही परंपरा नाही असं समजू नये. १९८० मध्ये मुंबईच्या नझीर हुसेन यांनी हिमालयन रॅली सुरू केली आणि जगभरचे ड्रायव्हर इथल्या डोंगरांत आणले. राष्ट्रीय स्पर्धेची महाराष्ट्रातली फेरी नाशिकच्या परिसरात होत आली आहे. पुण्याचे संजय टकले आशिया-पॅसिफिक स्पर्धेत उतरले. तीच स्पर्धा तीनदा जिंकणाऱ्या गौरव गिलला २०१९ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटारस्पर्धेतला पहिला. त्याच्या शेजारी बसणाऱ्यांची नावं किती जणांना सांगता येतील? ग्लेन मॅकनील, मुसा शरीफ. पुरस्कार ड्रायव्हरचा, आणि वही दुसऱ्याची.

खेळ खेळून कुणी खरा ड्रायव्हर होतो का, हे आईबाप मला नेहमी विचारतात. २०१८ ची जागतिक रॅलीची ई-स्पोर्ट्स स्पर्धा जिंकणारा जॉन आर्मस्ट्राँग खऱ्या रॅलीतही धावतो. पण तो आधीपासून धावत होता. माझ्यापुरतं सांगायचं तर मी खऱ्या रस्त्यावर पूर्वीपेक्षा हळू चालवतो, आणि मागच्या सीटवरून कुणी काही म्हणालं तर "मला दिसतंय" असं म्हणत नाही. दुसरी गोष्ट जास्त अवघड होती.

शेवटी वापराबद्दल दोन शब्द. पुस्तक एकट्याने वाचलं तर अर्धंच उपयोगी पडेल. नोट्सचा भाग दुसऱ्याच्या हातात द्यावा आणि आपण पडद्याकडे बघावं. कंट्रोलर असो वा टेबलाला आवळलेलं स्टेअरिंग, फरक पडत नाही. (आमचं स्टेअरिंग जेवणाच्या टेबलाला लावतात. त्या टेबलाच्या कडेला पडलेल्या दोन खाचांबद्दल घरात अजून बोलणी चालू आहेत.) आर्जेंटिनाच्या नोट्समध्ये सातव्या पानावर, एका साध्या 'उज चार'च्या पुढे, लाल पेनाने 'बा' असं लिहिलेलं दिसेल. ते चिन्ह शब्दांच्या यादीत नाही. मी बरेच दिवस त्याचा अर्थ शोधत होतो. बारीक, बाहेर, बाजूला, असं काही असेल म्हणून. विचारल्यावर लेक म्हणाली, "इथे बाबा नेहमी बाहेर जातो. तू जाशील म्हणून मी थोडं मोठ्याने सांगते." छपाईच्या वेळी ते काढावं का, असं विचारलं गेलं. आम्ही ठेवलं आहे. वाचणाऱ्याने तिथे आपल्या घरातल्या ड्रायव्हरचं अक्षर घालावं.

डहाणूकर कॉलनी, कोथरूड